बिनमिठाची कणीक

अडकलेल्या जिवाला जगायचं असेल तर त्यानं लहान व्हावं, असं कापडणीस बाईंचं म्हणणं होतं. या एका वाक्यावरून मी त्यांच्याशी दोनदा कडाकडा भांडलो. एकदा अंटार्क्टिकाच्या बर्फात, आणि एकदा नाशकात, इंदिरानगरातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पहिल्या भांडणात त्या जिंकल्या. दुसऱ्याचा निकाल काय लागला हे मला अजून धड सांगता येत नाही, पण सांगायचं आहे ते तेच.

मी भूलतज्ज्ञ. आयुष्यभर नाशकातल्या लोकांना झोपवलं आणि पन्नाशी उलटल्यावर मलाच झोप येईना. तशात कुणीतरी सांगितलं, की दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या संशोधन जहाजाला डॉक्टर हवाय. मी अर्ज करून टाकला. आमच्या हिचं मत असं, की झोप येत नसेल तर माणसानं गंगापूर धरणापर्यंत चालून यावं, त्यासाठी ध्रुवापर्यंत जायला नको. तिचं बरोबर होतं हे मला केपटाउन सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी, बादलीत तोंड घालून बसलेलो असताना पटलं.

त्या बादलीच्या काळातच दार न वाजवता एक बाई आत आल्या. उंची बेताची, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा तपकिरी पुरुषी स्वेटर, कानाला जुन्या सुती साडीची पट्टी बांधलेली, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्यांनी स्वेटरच्या खिशातून कांदा काढला, माझ्या टेबलावर मुठीनं फोडला आणि माझ्या नाकाशी धरला.

"हुंगा," त्या म्हणाल्या. "नामपूरचा आहे. घरचा. कुठले तुम्ही?"

"नाशिक."

"जिल्हा मोठा आहे. नाशिक म्हणजे?"

"नाशिक म्हणजे नाशिक. कॉलेज रोड."

"असं होय. शहरातले," त्या म्हणाल्या, आणि त्या स्वरात मला स्वच्छ कीव ऐकू आली. कांद्यानं उलटी थांबली नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि निदान रडायला कारण मिळालं.

डॉ. कापडणीस प्राणिशास्त्रज्ञ होत्या. एका समुद्रविज्ञान संस्थेत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि या सफरीनंतर त्या निवृत्त होणार होत्या. जहाजावर पाण्याचं तापमान मोजणारे होते, खारटपणा मोजणारे होते, तळाचा चिखल उपसणारे होते. बाई क्रिलवाल्या. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ समजा, बोटाएवढा, काचेसारखा आरपार. देवमाशापासून पेंग्विनपर्यंत तिकडचं निम्मं जग यांच्यावर जगतं. बाईंना त्यांच्यावर एक प्रयोग करायचा होता. तो त्यांनी यापूर्वी दोनदा मांडला होता आणि दोनदा गमावला होता. पहिल्या सफरीत वादळात बरण्या फुटल्या. दुसऱ्या सफरीत कुणी खलाशी आजारी पडला आणि जहाज अर्ध्यावरून माघारी फिरलं. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

तो प्रयोग त्यांनी मला जहाजाच्या पोटातल्या थंडगार लॅबमध्ये दाखवला. मांडणीवर विसेक बरण्या होत्या आणि एकेका बरणीत एकच क्रिल, पाय हलवत तरंगत असलेला.

"हे खातात काय?" मी विचारलं.

"शेवाळ. पाण्यात असतं बारीक."

"बरणीत तर दिसत नाही."

"पाणी गाळून घेतलंय. त्यांचा उपास आहे."

"किती दिवसांचा?"

"तेच तर बघायचंय, डॉक्टर."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. हिवाळ्यात तिकडे समुद्रावर बर्फाचं झाकण बसतं, सूर्य उगवत नाही, शेवाळ धरत नाही. क्रिल खाली अडकून पडतो. तो मग अंग आटवतो. "साप कात टाकतो आणि मोठा होतो. हा कात टाकतो आणि लहान होतो. दर कातीला एक माप कमी. असे महिनेच्या महिने काढतो. आणि एकच गोष्ट आटत नाही त्याची."

"कुठली?"

"डोळा. बारका क्रिल सापडला ना, की डोळा मोजायचा. अंगाच्या मानानं डोळा मोठा निघाला की समजायचं, हे पोर नव्हे. हा म्हातारा आहे, वाईट दिवस काढून आलाय."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलताहेत. बरण्यांना त्यांनी नंबर दिले नव्हते. बागलाणातल्या आणि नाशिकच्या वाटेवरच्या गावांची नावं दिली होती. सटाणा, ताहाराबाद, करंजाड, ब्राह्मणगाव, लखमापूर. कॉलेजला असताना एसटीनं जायच्या-यायच्या, ते थांबे पाठ होते. "नंबर मी विसरते," त्या म्हणायच्या, "थांबा विसरला तर घरी कशी जाईन?" रोज सकाळी प्रत्येक बरणीवर नखानं टिचकी मारून "काय, उठलात का?" असं विचारायच्या आणि मगच आत बघायच्या. जेवणाच्या टेबलावर एकदम जाहीर करायच्या, "आज लखमापुरानं कात टाकली." परदेशी कप्तानसुद्धा मान डोलवायचा. त्याला वाटायचं, हा आमचा काही सण असावा.

आणि मग आम्ही अडकलो.

त्यात नाट्यमय असं काही घडलं नाही. वारा फिरला, सुटे सुटे तरंगणारे बर्फाचे तुकडे जहाजाभोवती गोळा झाले, एकमेकांना चिकटले आणि सकाळी उठून पाहतो तो चारी बाजूंना पांढरी जमीन. कप्तान म्हणाला, वारा उलटा फिरेपर्यंत थांबायचं. पहिले काही दिवस सगळ्यांनी खाली उतरून फोटो काढले. नंतर खिडकीकडे पाठ करून बसायला लागले. सूर्य मावळत नव्हता, आकाशात नुसता गरगर फिरत होता, त्यामुळे दिवस संपला असं कधी वाटतच नव्हतं. कॅरमच्या राणीवरून दोघांची मारामारी मी सोडवली. चहाचा कप कुणाचा यावरून दोन नामांकित शास्त्रज्ञांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. माझी स्वतःची छाती धडधडायची. डॉक्टर म्हणून मी स्वतःला सांगायचो की काही झालेलं नाही, आणि पेशंट म्हणून माझा त्या डॉक्टरवर विश्वास बसत नव्हता.

एकट्या बाई खूश होत्या. बर्फात जितके दिवस जास्त, तितका उपास लांब. "अडकलो ते एका परीनं बरंच झालं," असं त्या भर जेवणात म्हणाल्या आणि अख्ख्या टेबलानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जहाजावरून ढकलायचंच बाकी होतं. त्यांना पत्ता नव्हता. त्या स्वतः अर्ध्या ताटावर आल्या होत्या. बसायच्या त्या एकाच खुर्चीत. बोलणंही मोजकं करून टाकलं होतं. "रोज एकच गोष्ट मागायची," त्या मला म्हणाल्या. "दोन मागितल्या की तुरुंग सुरू होतो. लहान व्हा, डॉक्टर."

"बाई, माणूस म्हणजे क्रिल नव्हे!" मी ओरडलोच.

"नाही ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर हाल होतात."

इंधन वाचवायचं म्हणून कप्तानानं खालच्या लॅबची वीज तोडली. तिथलं पाणी गोठायला लागलं तशा बाईंनी बरण्या जिन्याच्या वळणावर आणून ठेवल्या आणि भोवती नामपूरहून आणलेली स्वतःची गोधडी गुंडाळली. आपण कोट घालून झोपायच्या. मी रागावलो तर म्हणाल्या, "मला स्वेटर आहे. सटाण्याला कुठाय?"

आता गायधनींबद्दल सांगायला हवं. गायधनी आमचे रेडिओवाले, मूळचे पंचवटीतले. गडी उंच, गप्पिष्ट, देवभोळा. शिक्षण इंजिनिअरचं आणि खिशात पंचांग. बाहेरच्या जगाशी बोलायचं यंत्र त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे हवामानाच्या सगळ्या वाईट बातम्या आधी त्यांना कळायच्या आणि त्या पोटात ठेवाव्या लागायच्या. एका दुपारी ते जेवणावरून उठले, बॅग भरली आणि शिडीवरून बर्फावर उतरायला लागले.

"मी चालत जातो," ते म्हणत होते. "तुम्ही या मागनं. मी पुढं जाऊन बघतो."

आम्ही तिघांनी धरून त्यांना वर ओढलं. मी सुई भरली. बाईंनी माझा हात धरला.

"थांबा. तुम्हाला एकच येतं, झोपवायचं."

त्यांनी गायधनींना रेडिओच्या खोलीत नेऊन टेबलापुढे बसवलं. "गायधनी, आज या टेबलाबाहेर जग नाही. टेबलावर काय काय आहे ते सांग."

गायधनींचे दात वाजत होते. "पेन आहे. हेडफोन. चहाचा कप."

"झालं. एवढंच सांभाळ. खोलीचं उद्या बघू."

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ बाई जायच्या. टेबल झालं, मग खोली झाली, मग बाहेरचा बोळ. हळूहळू गायधनी माणसात आले, जेवायला यायला लागले, पुन्हा बडबडायला लागले. माझी सुई तशीच राहिली. हेच ते पहिलं भांडण, जे मी हरलो.

बरं वाटायला लागल्यावर गायधनी जिन्याच्या वळणावर जाऊन बसायचे. गोधडी उचलून बरण्यांत बघायचे. बाईंना आनंद वाटायचा, कुणीतरी रस घेतंय म्हणून. गायधनींच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांच्या घरी दर अमावास्येला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायची रीत. आजोबांपासून कधी चुकली नव्हती. इकडे पौषातली अमावास्या आली, गंगा नाही, मासे नाहीत, आणि समोर गोधडीत गुंडाळलेले वीस उपाशी जीव. गायधनींचा हिशेब पक्का झाला. आपण मुक्या जिवांना कोंडून उपाशी ठेवलंय, म्हणून बर्फ आपल्याला सोडत नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे नाश्त्याला होतो. बाई हातात बरणी धरून आल्या. त्यांनी ती दिव्यासमोर धरली.

"यानं काहीतरी खाल्लंय," त्या म्हणाल्या.

क्रिलच्या पोटातलं लपत नाही. शेवाळ खाल्लं तर आत हिरवं दिसतं. याच्या पोटात पांढरं होतं. तळाशी पांढरा गाळ साचला होता, पाणी गढूळ झालं होतं. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग कुणाकडेही न बघता, आपल्या गावच्या अहिराणीत, हळूच विचारलं, "कणीकमा मीठ टाकेल व्हतं का?"

"छे छे, बाई!" गायधनी ताडकन उभे राहिले. "बिनमिठाची होती! माशांना कुणी मीठ घालतं का?"

सगळं टेबल हसत सुटलं. खाऱ्या समुद्रात जन्मलेल्याला बिनमिठाची कणीक! किती दिवसांनी आम्ही एकत्र हसत होतो. मग कुणीतरी बाईंकडे पाहिलं आणि हसू एकेकाचं थांबत गेलं.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. बरणी मांडीवर. "दोनदा गेलं," त्या म्हणाल्या. "आता कुठे जमत आलं होतं." मग एकदम आवाज चढला. "तुले काय समजस रे येडा? काय करी ठेवं तू हे? किती दिवसांचा उपास होता तो!"

गायधनी रडायला लागले. चाळिशी ओलांडलेला पुरुष, सगळ्यांसमोर. "बाई, मी असा झालो तेव्हा तुम्ही रोज दोनदा येऊन बघत होतात. यांना कोण बघणार?"

"मी बघते ना रोज."

"बघता. पण देत काहीच नाही."

बाई उठल्या आणि पाणी बदलायला गेल्या. आचाऱ्यानं गोळा लिंबाएवढाच दिला होता, त्यामुळे निम्म्या बरण्यांपर्यंत कणीक पोचलीच नव्हती. जिथे पोचली होती त्यातले दोनतीन गढूळ पाण्यानं मेले. बाकी निम्म्यांचा उपास शाबूत होता. बाईंनी कप्तानाकडे तक्रार केली नाही, गायधनींशी बोलणंही टाकलं नाही. फक्त उपास मोडलेल्या बरण्या गोधडीबाहेर वेगळ्या ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांच्याभोवती गायधनींची शाल गुंडाळलेली होती.

वारा फिरला तो असाच, न सांगता. लांबवर काळी रेघ उमटली, ती रुंद झाली, जहाजाखाली कडकड आवाज आला आणि इंजिनाची थरथर पुन्हा पायांत जाणवली. सगळे डेकवर नाचत होते. कप्तानानं कुणाला तरी मिठी मारली. बाई नव्हत्या, म्हणून मी खाली गेलो. त्या जिन्याच्या वळणावर नमुने मारून टिकवायच्या फॉर्मालिनची बाटली घेऊन बसल्या होत्या.

"आता मोजायचं," त्या म्हणाल्या. "यासाठीच होतं सगळं."

ज्यांनी उपास धरला होता ते एकेक फॉर्मालिनमध्ये गेले. सटाणा, करंजाड, ब्राह्मणगाव. आधी टिचकी, मग चिमटा. बाईंचा हात कापत नव्हता. मागून गायधनी येऊन उभे राहिले होते आणि शालीतल्या बरण्यांकडे बघत होते.

"यांचं?" त्यांनी विचारलं.

"यांचा उपास मोडला. यांचा मला काही उपयोग नाही. ने."

गायधनींनी त्या सगळ्या एका बादलीत ओतल्या आणि दोरीनं बादली काळ्या पाण्यात सोडली. मी शेजारी होतो. कलती झाल्यावर ते काचेचे जीव क्षणभर दिसले आणि मग पाणीच दिसायला लागलं. गायधनींनी हात जोडले. "लखमापूर होता त्यात," ते म्हणाले. बाई बघायला वर आल्या नाहीत.

पुढे बाईंचा लेख कुठल्याशा परदेशी नियतकालिकात आला. कमी बरण्यांचा, पण आला. त्यांनी मला प्रत दिली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, म्हणून शेवटचे आभार वाचले. त्यात गायधनींचं नाव होतं. कशाबद्दल, ते लिहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर बाई नाशकात राहायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. नामपूरला भाचा होता, कांद्याचा व्यापार, मोठं घर, तो सारखा बोलवायचा. आम्ही कधी महिन्यातून एकदा भेटायचो, मिसळ खायचो, भांडायचो. मग एक दिवस त्यांचा फोन आला. "डॉक्टर, हात थरथरतोय. बशीतून कप उचलत नाही."

कंपवात. माझ्या ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधं घ्या, चाला, खा, बोला, पुष्कळ वर्षं नीट जातील. बाईंनी यातलं फक्त पहिलं ऐकलं. बाकीच्या बाबतीत त्यांना आपला जुना उपाय ठाऊक होता. आधी त्यांनी आतली खोली बंद केली. मग सोसायटीची लिफ्ट बिघडली आणि त्यांनी खाली उतरणं सोडलं. लिफ्ट दुरुस्त झाली, तरी उतरल्या नाहीत. टीव्ही शेजाऱ्यांना दिला, खुर्च्या वाटून टाकल्या, फोन उचलायचा बंद केला. दर भेटीला घर एक माप कमी झालेलं असायचं आणि बाईही. शेवटी एक खुर्ची, एक स्टूल, एवढंच उरलं.

"आज टेबलावर काय काय आहे, बाई?" मी चेष्टेनं विचारायचो.

"गोळ्या. पाणी. घंटी." शब्द आता जाड झाले होते. "पुरे. भाच्याचं घर नको. फार मोठं आहे."

त्यांच्याकडे दिवसभर मंदा असायची, पेठकडची. तिनं मला एकदा दारातच गाठलं. "डॉक्टर, बाई काय खातच नाय. दोन घास, का हात करतात. म्हनतात, पुरे झालं. गिळता येतंय त्यांना, मी बघते ना. पन खातच नाय."

मी आत जाऊन त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. आकडा पाहून माझं डोकं सणकलं.

"हे आजारानं नाही झालेलं," मी म्हणालो. "हे तुम्ही करताय."

"अडकलेय," त्या म्हणाल्या. "म्हणून लहान होतेय. डोळा मोजा माझा." आणि हसल्या. चेहरा आजारानं हलत नव्हता, डोळ्यांतच हसल्या. ते खरोखरच मोठे दिसत होते.

"तुमच्या क्रिलला हिवाळा संपायची आशा असते, बाई! तुम्ही कशासाठी आटवताय? इथे कुठला वारा फिरणार आहे?"

बोलून गेलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तेच तर. मग वाढवून काय करू?"

जिन्यात येऊन मी रडलो. या बाईंनी एका वेडा व्हायला आलेल्या माणसाला नुसत्या टेबलाच्या जोरावर परत आणलं होतं, आणि त्याच शहाणपणानं त्या आता एकेक दिवा मालवत संपायला निघाल्या होत्या. मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्या मला इतक्या हव्या होत्या, की जिन्याच्या कठड्याला धरून मी काही वेळ तिथेच उभा राहिलो. मग खिशातून फोन काढून गायधनींना लावला.

बाई गेल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात, नामपूरला, भाच्याच्या मोठ्या घरात. भाचा सांगत होता, ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या. ते मी पाहिलेलं नाही, आणि खाऊन किती दिवस वाढले किंवा वाढले की नाही, हे डॉक्टर असून मला सांगता यायचं नाही. मला दिसतात त्या बाई त्याच्या आधीच्या, गायधनी आले त्या रविवारच्या.

गायधनी सकाळीच आले. केस पिकले होते, उंची तेवढीच. हातात स्टीलचा डबा. बाईंना आवडतात म्हणून बायकोकडून ज्वारीच्या कण्या शिजवून आणल्या होत्या, मऊ, ताक घातलेल्या. घरात दुसरी खुर्ची नव्हतीच, म्हणून ते बाईंच्या पायाशी फरशीवर बसले. तरीही त्यांचं डोकं बाईंच्या खांद्याला लागत होतं. डबा उघडला, चमचा भरला. बाईंनी ओठ मिटून घेतले आणि हात केला.

"बरं," गायधनी म्हणाले. चमचा तसाच धरून ठेवला. "एक आठवतं का बघा. तुमच्या बरण्यांतल्या ज्यांनी उपास धरला, ते फॉर्मालिनमध्ये गेले. ज्यांनी माझी कणीक खाल्ली, ते समुद्रात गेले. लखमापूर गेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय जाताना. तुम्ही आला नव्हतात बघायला."

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला यातलं काही कळलं नसणार, पण ती हलली नाही. बाई गायधनींकडे बघत राहिल्या. गायधनींचा हात भरून आला होता, चमचा थरथरायला लागला होता, आणि खुर्चीच्या हातावर बाईंचं बोट थरथरत होतं. मला वाटलं, झालं, नाहीच घेणार.

मग ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"मीठ," बाई म्हणाल्या. "मीठ टाकेल शे का?"

"टाकलंय, बाई," गायधनी म्हणाले. "या वेळी टाकलंय."

बाईंनी तोंड उघडलं.